मागचं चाक

इनास पोदेराने चाक आणलं ते खांद्यात अडकवून.
तीन तारा हबाशीच तुटलेल्या,
जिथे तार वाकून भोकात शिरते त्या कोपरात.
पहाटे पाचला, फेरीच्या उतारावर, म्हणाला.
दोनशे उंडे मांडवीत.
"नुस्त्यांक बरें जालें, बाय," म्हणाला आणि हसला.
तो हसला नसता तर मला बरं वाटलं असतं.

ती वीण माझी होती.
दोन वर्षांपूर्वी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी,
तीन कैच्या घालायला तार हवी होती
दोनशे शहाण्णव मिलिमीटर.
डब्यात होती दोनशे ब्याऐंशी.
चौदा मिलिमीटरसाठी कोण जाणार पणजीला,
आधी फेरी, मग बस, आणि दुकान बंद असलं तर?
मी एकाच कैचीत चाक भागवलं.
फिरवून पाहिलं, सरळ फिरलं.
दुकानात सगळीच चाकं सरळ फिरतात,
टांगलेल्या चाकावर कुणी बसलेलं नसतं.

पिएदादच्या चढाला इनास पेडलवर उभा राहतो.
आधी हब वळतो, रिम मागून वळते,
मधल्या क्षणाचा पीळ
तारा सोसतात.
हबातून तार सरळ निघाली तर ती नुसती उचलून धरते.
तिरपी निघाली तर ओढते.
हे मला माहीत होतं. डब्यालाही माहीत होतं.

या वेळी पणजीला गेले. दोन हब आणले.
एक अॅल्युमिनियमचा, सीलबंद बेअरिंगचा,
बोटाने ढकलला की आपण विसरेपर्यंत फिरणारा.
दुसरा पोलादी, रुंद कानांचा,
आत सुट्या गोळ्या, नऊ इकडे, नऊ तिकडे,
फिरताना किंचित कुरकुरणारा.
इनासला पहिला आवडला. कुणालाही आवडेल.
पण भरतीला धक्क्याचा उतार अर्धा पाण्यात असतो,
आणि खारं पाणी एकदा सीलच्या आत गेलं
की तोंड मिटून बसतं.
दुसरा हब दोन पान्यांनी उघडतो,
फेरीची वाट बघता बघता
पुसता येतो, ग्रीस भरता येतं.
कुरकुरतो, म्हणजे सांगतो तरी.

छत्तीस भोकं. पहिली तार व्हॉल्व्हच्या शेजारी,
नाहीतर हवा भरताना पंप तारांत अडकतो
आणि लोक आपल्याला शिव्या देतात, बरोबरच देतात.
नऊ तारा. मग नऊ. हब पिळून घेतला.
उरलेल्या उलट दिशेने:
दोन कैच्या वरून, तिसरीला खालून,
खेटून, म्हणजे एकीवर ओझं आलं
की दुसरीला कळतं.

उजवीकडे फ्रीव्हील, म्हणून उजव्या तारा जास्त ताणाच्या,
डाव्या जरा सैल.
सगळ्यांना सारखं ओढलं
तर रिम मधोमध येत नाही.
हे मी शिकले तेव्हा पंधरा वर्षांची होते
आणि मला ते अन्यायाचं वाटलं होतं.

आउट काढला. चाक जमिनीवर आडवं टाकून
दोन्ही तळहातांनी दाबलं,
तारा करकरल्या, आपापल्या जागी बसल्या.
परत आउट काढला.
नखाने छेडत गेले, उजवीकडून,
एक तार बसक्या आवाजाची निघाली, पाव फेरा दिला.

इनासने पैसे विचारले. मी हबाचे घेतले.
त्याने उरलेले बाकावर ठेवले, मी ढकलले,
असं दोनदा झालं, मग फेरीचा भोंगा वाजला
आणि तो धावला.

डबा अजून फळीवर आहे.
झाकणावर खडूने मोठं लिहिलंय: २८२.
पोरांच्या लहान सायकलींना चालतील त्या तारा.

पण त्या चतुर्थीच्या आठवड्यात
मी त्याच डब्यातून आणखी दोन चाकं भरली होती.
एक नार्व्याला गेलं, त्यांना निरोप धाडलाय.
दुसरं कुणाचं, आठवत नाही.
रस्त्यावरून सायकल गेली
की हातातला पाना थांबतो.
मी मागच्या चाकाकडे बघते.
फिरत्या चाकात कैच्या मोजता येत नाहीत.