पेराला किती पानं

दोन डॉलर नव्वद सेंटला एक जुडी,
बुडाशी शिशाची पट्टी,
मेथीला सोपटाचा बंद असतो तशी.
पिशवीवर कोवाल्चिकने मार्करने लिहिलं : कबोंबा.
ईरीत त्या दिवशी सरोवरावरून बर्फ येत होतं, आडवं.
पिशवी मी कोटाच्या आत धरली
आणि ते गार पाणी पोटाला लागत राहिलं
घर येईपर्यंत.

कबोंबा नाजूक, असं सगळेच म्हणतात.
उजेड कमी पडला की पानं गाळतो,
पाणी जड असलं की कुढतो.
हा कुढला नाही.
आठ तास दिवा, मुळाशी खताची एक गोळी,
एवढ्यावर रोज बोटभर.
रविवारी शेंडे छाटून वाळूत खोचायचे,
पुढच्या रविवारी त्यांचेही शेंडे.
मार्चपर्यंत मासे दिसेनासे झाले,
नुसती हिरवळ हलायची आणि आत कुणीतरी आहे एवढं कळायचं.
मला वाटलं, हात बसला आपला.
हेमांगी म्हणाली, तुझा हात?
तुला अजून चाकवत आणि चंदनबटवा वेगळे कळत नाहीत.

ते खरं आहे.
पण रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात
केसाएवढी फट माझ्या बोटाला कळते,
आणि एखादी गोष्ट फारच चांगली चालली
की मी आधी ती थांबवून बघतो.

एक पेर कापलं. पांढऱ्या बशीत पाणी, त्यात सोडलं.
(बाहेर काढून बघू नये. ओल्या दाढीसारखं सगळं चिकटतं,
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.)
कबोंबाला पेराला दोन पानं,
समोरासमोर, देठावर उघडलेले दोन पंखे.
इथे देठच नाही.
खोडाभोवती गोल पंगत बसलेली.
सहा? आठ?
हे एक पान बुडापर्यंत चिरलेलं,
की दोन शेजारी?
भिंगावर माझाच श्वास. पुसलं. पुन्हा पहिल्यापासून.

मग टाकीतलं पाणी चार बोटं उतरवलं
आणि एका शेंड्याला वर येऊ दिलं.
हवा लागली तसं पानच बदललं.
चिरा मिटल्या, कडेला बारीक दाते.
मे संपता संपता बगलेत एक फूल,
जांभळट, बिनदेठाचं,
सदऱ्याच्या बटणाएवढं.

आंबुली.
भाताच्या खाचरात उगवते म्हणे.
मी कऱ्हाडचा, उसातला.
शब्द माझ्याच भाषेत होता
आणि तो मला कुणी दिला नव्हता.
त्याच पानावर खाली :
या देशात बाळगायला मनाई.

हेमांगीने तोंड उघडलं.
मी म्हटलं, रूपक नको.
वनस्पती आहे. ओढ्यात गेली तर ओढा बुजवते, बास.
ती म्हणाली, मी विचारणार होते
कुठलं पातेलं घेणार आहेस.

जुनं घेतलं, पिठलं लागलेलं.
उकळी फुटली तसा वास आला,
आधी टर्पेंटाइन, मग ओवा,
मग आणखी काही, त्याला माझ्याकडे नाव नाही.
खिडकी उघडायला गेलो
आणि उघडली नाही.

एक पेर ठेवलं. झाकणाच्या बाटलीत, कोवाल्चिकला दाखवायला.
वीस वर्षं हाच माल, तो म्हणाला,
सगळे कबोंबाच म्हणतात.
मग चष्मा कपाळावरून खाली घेतला,
काउंटरवर बशी नव्हती तर कॉफीची बशी धुऊन आणली,
आणि आम्ही दोघं वाकलो.
तो इंग्रजीत मोजत होता, मी मनात मराठीत.
त्याचे सात आले. माझे आठ.
दाराची घंटा वाजली, गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं.
एक मिनिट, कोवाल्चिक मान वर न करता म्हणाला.
परत.