वजनकाटा, टोपची खण

दोन डंपरांच्या मधे दुपारी जो वेळ उरतो
त्यात मी वाचनालयाचं पुस्तक वाचतो.
पानापानात क्रशरची भुकटी जाऊन बसते.
परत देताना बाई ते टेबलाच्या कडेवर आपटतात,
म्हणतात, मुल्लाणी, पुरून ठेवलं होतंस काय?

या आठवड्यात इजिप्त.
नाईलकाठची खाण, तांबूस ग्रॅनाईट,
आणि तिच्यात आडवा पडलेला एक खांब,
वरून, बाजूंनी सुटा केलेला,
पाठ अजून डोंगराला चिकटलेली.
लांबी बेचाळीस मीटर.
मी तो मनात आमच्या काट्यावर चढवून पाहिला,
हायवेपर्यंत बाहेर आला.
वजन हजार टनांवर.
आमचा काटा साठाला थांबतो.

तिमाप्पा कलकुटगी माठातलं पाणी प्यायला आले.
सुरुंगाची भोकं आता मशीन पाडतं,
ते शेडमागं बसून पाटे घडवतात
आणि जोतिबाच्या यात्रेत पायथ्याला मांडतात.
त्यांच्या घरच्या बोलीत दगडाला राई म्हणतात.
शाळेत मास्तरांनी राईचा पर्वत शिकवला
तेव्हा त्यांना कळेना, यात शिकवण्यासारखं काय?
पर्वत राईचाच असतो की.

चित्र बघितलं त्यांनी. बोट कागदाला लावलं नाही, वरच धरलं.
"लोखंड?"
नव्हतं. तांबं होतं, ते ह्या दगडाला लागत नाही.
"मग पाचरीला पाणी पाजत असणार."
पुस्तक म्हणतं, नक्की माहीत नाही.
दगडानंच दगड कुटायचे.
डोक्याएवढे काळे गोळे दोन्ही हातांत धरून
उचलायचे, सोडायचे. उचलायचे, सोडायचे.
"काळे म्हंजे कसले काळे?"
मी पान उलटलं. आपल्या ह्याच पाषाणाचा चुलतभाऊ.
तिमाप्पा हसले, तंबाखूसकट.
"म्हंजे घण आपल्यातला गेलावता."

"आणि ह्यो टाकला कशापायी?"
तडा गेला.
त्यांनी गडवा खाली ठेवला.
बराच वेळ काही बोलले नाहीत,
क्रशर तेवढा चावत होता.

"माझा बी गेला हुता. दीपमाळंचा. सोळा हात.
शेवटच्या पाचरीला आवाज फिरला बग,
टण्ण येत हुता, त्यो थप्प आला.
पोराला म्हटलं घण ठेव. त्याला कळलंच न्हाई का."
मग काय केलंत?
"काय करतोय! आमच्यामागं राजा हुता व्हय, तसाच टाकून जायाला?
सोमवारी वडगावचा बाजार हुता.
बावीस पाटं काढलं, चार उखळं,
ऱ्हायल्याला तुकडा म्हसरांच्या पाण्याला डोण.
अजून वाटत्यात बाया चटणी त्यावर.
दीपमाळ हाय ती, त्यास्नी ठावं न्हाई."

जाता जाता दारात थांबले.
"नावं लिवल्यात का कुठं, कुटणाऱ्यांची?"
नाही. भिंतीवर तांबड्या रेघा आहेत नुसत्या.
कुणीतरी काठी घेऊन यायचा,
किती खोल गेले ते मोजायचा,
रेघ मारायचा आणि जायचा.

त्यांनी माझ्याकडं बघितलं.
मग वहीकडं, वहीतल्या बॉलपेनाकडं.
"म्हंजे त्यो तू."

भोंगा वाजला. डंपर काट्यावर चढला
तसा केबिनचा पत्रा थरथरला.
मी गाडीचा नंबर लिहिला, भरलेलं वजन लिहिलं,
आणि सहा वर्षांत पहिल्यांदा
ड्रायव्हरला त्याचं नाव विचारलं.
तो दचकला.
"का? काय चुकलं काय माझं?"

शेडमागं टाकी पुन्हा सुरू झाली होती.
आवाज कसा येतोय, मी कान देऊन ऐकत राहिलो.