आवाज बंद

मला गाणी दिसायची.
ऐकू यायची नाहीत.

कोपरखैरण्यात आमची एकच खोली.
तात्या रात्री बाराला भाजी मार्केटात जायचे,
ट्रकमधून कोबीच्या गोणी उतरवून
सकाळी नऊला यायचे, भाकरी खायचे
आणि टीव्हीच्या स्टुलाशीच डोकं करून झोपायचे.
दुसरीकडे पाय पुरत नव्हते.
उज्वलाने आवाजाचं बटण डावीकडे फिरवून फिरवून
पार शून्यावर नेऊन ठेवलेलं.

भोईरांच्या जगदीशने तेव्हा नुकतीच केबल टाकली होती,
विजेच्या खांबावरून, पेरूच्या झाडावरून,
आमच्या न्हाणीच्या पत्र्यावरून.
महिना शंभर. त्यात एक चॅनेल
दिवसभर इंग्रजी गाण्यांचं.

आम्ही दोघी मटार सोलत बघायचो.

एक बाई वाळवंटात इस्त्री करत होती.
अख्खं गाणंभर. शर्टामागून शर्ट,
आणि वायर वाळूतून लांब लांब गेलेली, कुठेच न लागलेली.
उज्वला कुजबुजली,
हिच्याकडे पण शुक्रवारी लाइट जाते वाटतं.

पाच पोरं कोरड्या तरणतलावात नाचायची.
त्यातला चौथा
प्रत्येक वेळी जरासा मागे पडायचा.
उज्वलाचा जीव त्याच्यावर.
मागे पडतो हे आम्हाला कळायचं कसं?
ताल होता ना. तात्या घोरत होते.

एक मुलगी बसच्या खिडकीत बसलेली,
दर स्टॉपला थोडी थोडी म्हातारी होत जायची.
शेवटी काठी टेकत उतरायची
आणि मागे न बघता निघून जायची.
मी ठरवून टाकलेलं, ती घणसोलीला उतरते.
ते गाणं लागलं की मी शेंगा बाजूला ठेवायची.
का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

आणि तो माणूस.
पाठीवर पियानो घेऊन जिना चढणारा,
काळा कोट, घामाने चेहरा चमकतोय,
ओठ हलताहेत, म्हणजे गातोय,
एवढ्या ओझ्याखाली गातोय.
सातव्या पायरीवर त्याचा तोल जातो.
तेव्हा खालून, चादरीतून, आवाज आला:

"गुडघ्यात वाक की लेका,
कमरंत कशाला वाकतोयस."

आम्ही गप्प. माझ्या हातातला दाणा
घरंगळत कपाटाखाली गेला.
तात्यांनी कूस बदलली, पुन्हा घोरू लागले.

पुढच्या वेळी ते गाणं लागलं तेव्हा
आम्ही त्यांना उठवलं.
दिवसाचं उठवायचं ते पहिल्यांदाच.
रागावले नाहीत. भिंतीला टेकून बसले,
डोळे लाल, खांद्यावर गोणीच्या सुतळीचे वळ,
आणि शेवटपर्यंत बघितलं.
तो माणूस वर पोचतो, पियानो गच्चीवर ठेवतो,
कोट झटकतो
आणि स्वतःच वाजवायला बसतो.

"हमाली बी ह्याचीच, गाणं बी ह्याचंच?"
तात्या म्हणाले. "मग मुकादम काय करतोय?"

परवा उज्वलाने पनवेलहून लिंक पाठवली.
इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकलं.
बारीक, गोडसर आवाज.
कुणीतरी कुणाला तरी पत्र लिहीत नाही, असं काहीतरी.
जिन्याचं नाव नाही. वजनाचं नाव नाही.
दोन कडव्यांनंतर मी आवाज बंद केला,
मग कुठे गाणं सुरू झालं.

तात्या आता रात्रीचे झोपतात, चारचौघांसारखे.
ऐकायला कमी येतं, म्हणून घरातला टीव्ही
गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जातो.
मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.
चष्मा शोधला, पुसला, पुन्हा पुसला.
तिसरी पायरी. पाचवी.
सातवी.

"अजून कमरंतच वाकतोय," म्हणाले.