पाणरेषेखाली

भरती-ओहोटीच्या तक्त्यामागच्या कोऱ्या पानावर
हिशेब मांडते.
नाव सात मीटर, दोन कण्यांची.
तळ सोळा चौरस मीटर, थोडं इकडेतिकडे.
रंगाचे दोन हात द्यायचे तर चार लिटर,
डबा मिळतो अडीचचा.
गोल्वेनच्या दुकानात भरपूर तांब्याचा एकशे बेचाळीस युरोंना,
कमी तांब्याचा अठ्ठ्याऐंशीला.
बिनतांब्याचाही एक आलाय नवीन,
त्याच्यावर हसऱ्या माशाचं चित्र.
त्याची किंमत विचारली नाही.

स्वस्तातला घेशील, गोल्वेन म्हणतो,
तर ऑगस्टातच दाढी येईल तिला.
खोटं नाही. मागच्या साली
वाऱ्याला जोर असूनही चिखलातून चालल्यासारखी चालली,
आणि लोकेमोच्या बंदरात पाणी ओसरलं तेव्हा
पोटाखाली वीतभर शेवाळ लोंबत होतं,
त्यात खेकड्यांची पिल्लं, शिंपल्यांची अख्खी आळी,
भाडं न देता राहिलेली.

पुढे लिहिते :
पालिकेच्या उतारावर दोन ओहोट्या, तीस.
(पूर्वी पुळणीवर कुठेही घासायचो.
आता गाळणी बसवलेल्या काँक्रीटवरच. बरोबरच आहे,
एर्लेने जन्मभर कालवं पिकवली याच पाण्यात.)
रोलर, चिकटपट्टी, हातमोजे, घासकागद, सव्वीस.
पेन्शन आहे तेवढीच.
शिडाची शिवण उसवली आहे, ती पुढच्या वर्षी.

भिंतीला रंग देतो तो टिकावा म्हणून.
हा मात्र विरघळण्यासाठीच विकत घ्यायचा,
रोज थोडा, पाण्यात,
नाही विरघळला तर दुकानदाराशी भांडायचं.
शिवाय दिसणार कुणाला?
धक्क्यावरून लोक पाहतात पांढरी कड
आणि नाळेवरची अक्षरं.

काल दुकान बंद होता होता
महागातला एकच डबा उचलला.
पातळ हात देऊ, भागवू.
कुणाला सांगितलं नाही.

नाव अर्धी एर्लेची.
गुडघा कापल्यावर यंदा तो चढणार नाही,
पुढच्या वर्षाचं डॉक्टर बोलत नाहीत.
तुझा वाटा राहू दे, मी फोनवर म्हटलं.
तो म्हणाला, ओहोटी कितीला आहे?

सकाळी उतारावर
स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसलेला, काठी मांडीवर आडवी.
पाकीट दिलं. नव्व्याण्णव युरो, नाण्यांसकट.
मी तिथेच उभ्या उभ्या दोनने गुणलं
आणि बेरीज माझ्याच पानावरची निघाली.
गोल्वेनने सांगितलं असेल.
किंवा नसेलही. बावीस वर्षं
एकाच नावेचे खर्च निम्मे निम्मे करतोय आम्ही.

पायाशी एक गंजका डबा, मोठा,
निम्मा भरलेला, लाल,
कुठल्या साली उरलेला कोण जाणे.
वर जाड साय.
तांबं जड, ते सगळं बुडाशी बसलेलं,
ओल्या विटेसारखं.
मोडक्या वल्ह्याच्या तुकड्याने
अर्धा तास ढवळलं आळीपाळीने,
तेव्हा कुठे काठीला वजन लागलं.

पहिला हात लाल. त्यावर काळा.
उरला तो सुकाणूच्या कडेला आणि पाणरेषेलगत,
जिथे ऊन पोचतं आणि शेवाळ आधी धरतं.
काळ्यातून लाल दिसू लागला, तो सांगतो,
की समजायचं, संपत आलं.
मी वर पाहत नाही.
रोलर तबकात घोळवत राहते, गरजेपेक्षा जास्त वेळ.

दीडला पाणी परत येईल.
राहिल्या दोन्ही कण्यांच्या टाचा,
ज्यांवर ती उभी आहे.
तिथे ब्रश जातच नाही, कुठल्याच साली गेला नाही,
शिंपल्यांना ती जागा पाठ आहे.
तेवढं राहिलंच, मी म्हणते.
ते धरलंय मी, एर्ले म्हणतो,
आणि खुर्ची हातभर मागे घ्यायला सांगतो.