पावती

निवडणूक लागली, आणि ग्वाल्हेरच्या
बंदुका ठाण्यात जमा व्हायला निघाल्या.
वरातीत हवेत उडणाऱ्या, बँकेच्या दारात पेंगणाऱ्या,
तोमरांची दुनळी टॉवेलात गुंडाळलेली.

फाळके मास्तर रांगेत तेरावे.
काखेत मिठाईचा खोका, आत पाच पिस्तुलं:
एक सागवानी, दोन रेझिनची,
एकाला सायलेन्सर म्हणून सायकलच्या पंपाचा तुकडा,
आणि एक स्टुडिओच्या भंगारातलं,
जे म्हणे कुणा हेराने सत्तावीस वेळा रोखलं,
झाडलं एकदाही नाही.
आवाज नंतर भरतात, मास्तर सांगतात.

हवालदाराने ते उचललं.
इतकं हलकं, की हात उगाच वर गेला.
"मास्साब, ये तो खिलौना है. घर जाइए."
"खिलौना नहीं. लिखिए."

रांग हसली.
तोमर हसता हसता थांबले.
त्यांचा पुतण्या, मागच्या वरातीत...
टॉवेल त्यांनी पुन्हा घट्ट गुंडाळला.

हवालदाराने शेवटी लिहिलं:
नग पाच. काडतुसं निरंक.

पावती चष्म्याच्या घरात ठेवून
मास्तर दाल बाजारातून चालत निघाले.
रिकामा खोका. दोनदा थांबले,
कोपऱ्याआडून वाकून पाहिलं.

मागावर कुणी नव्हतं.