तोबोकेल

ओश शहरातल्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर,
काचेच्या खोपटात बसून मी दुभाष्याचं काम करते.
कानात परदेशी बाई बोलतात, तोंडातून मी.
समोर सत्तावीस अधिकारी: कस्टमचे, शेतीचे, आरोग्याचे,
दोन आणीबाणी खात्याचे, गणवेशात,
आणि एक झानिशबेक, ज्याचं खातं मार्चमध्ये
दुसऱ्या खात्यात विरघळलं.
त्याच्या पुढ्यातल्या पाटीवर नाव अजून जुन्याचंच.

पहिला दिवस चित्रांचा.
लाल चौकटीत ज्योत, कवटी,
वठलेल्या झाडाशी उताणा मासा.
"झाडावर चढायला गेला असेल," कुणीतरी म्हणालं, सगळे हसले.
तेही मी सांगितलं. बाई उशिरा हसल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणित आलं:
धोका गुणिले संपर्क बरोबर जोखीम.

धोक्याला आमच्याकडे शब्द आहे, भीतीच्या पोटचा, कोर्कुनुच.
तो बिनदिक्कत दिला.
जोखमीला मात्र जिभेवर आला तोबोकेल.
आजोबा फुगलेल्या नदीत घोडा घालताना पुटपुटायचे, तो.
लगाम सैल, डोळे मिटलेले, पुढचं वरच्याच्या हाती.
तो शब्द मी सत्तावीस हेडफोनांत सोडला
आणि सत्तावीस वह्यांत उतरलं:
विषाचा हिशेब म्हणजे देवावर हवाला.

संपर्काला तर शब्दच सापडेना.
स्पर्श म्हणावं तर मुद्दाम हात लावल्यासारखं,
भेट म्हणावं तर चहा टाकल्यासारखं.
दीड सेकंद गप्प राहिले.
दुभाष्याचा दीड सेकंद फार लांब असतो.
मग तोंडून गेलं:
"विमानाखाली उभं राहणं."

बाई असं काहीच म्हणाल्या नव्हत्या.

माझे वडील कापसाच्या शेतात निशाण धरून उभे राहायचे.
वर दुपंखी विमान, त्यांच्यावर नेम धरून
पांढरी भुकटी सोडत जायचं.
एक पट्टा संपला की वडील वीस पावलं बाजूला,
पुन्हा उभे.
घरी यायचे तेव्हा भुवया गिरणीवाल्यासारख्या.
त्याच भुकटीनं आई आमच्या उवा मारायची.
दुस्त म्हणायचो आम्ही तिला,
घरातलीच कुणी असावी तसं.

तिसऱ्या रांगेत शार्शेनबेकांनी पेन खाली ठेवलं.
माझ्या काचेकडे पाहिलं.
मग शाळेतल्यासारखा हात वर केला:

"आमच्या गावाच्या टोकाला कोठार आहे.
कुलूप शाबूत. भिंत नाही.
विटा लोकांनी नेल्या, चुली बांधल्या,
बालवाडीची पायरीसुद्धा.
किल्ली माझ्याकडे आहे, पदाबरोबर आली.
ते कोठार कुणाचं?"

चांगला प्रश्न, बाई म्हणाल्या,
आणि भिंतीवर भलामोठा कागद लावला.
शेतीची पिवळी चिठ्ठी: खरेदी आमची, साठा नाही.
आरोग्याची निळी: माणूस आजारी पडल्यावर आम्ही.
आणीबाणीची लाल: पेटल्यावर.
कोठाराचा चौकोन कोराच.
झानिशबेककडे रंगच नव्हता.
तो उठला, आपली जुनी पाटी त्या चौकोनाला लावली.
चिकटेना.
तर हातानं धरून उभा राहिला,
जेवणाची घंटा झाली तरी.

शेवटी प्रमाणपत्रं, फोटो, गार झालेले सामसे.
शुक्रवारपर्यंत मला शब्दसूची द्यायची आहे,
एकशे चाळीस शब्द, दोन रकाने.
जोखमीपुढे तोबोकेल लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
संपर्कापुढची जागा कोरी.

लिफ्टपाशी शार्शेनबेक भेटले.
"तुझे वडील कुठल्या कोल्खोजवर होते?"
सांगितलं.
ते बराच वेळ लिफ्टचं बटण पाहत राहिले,
ते पेटलेलं होतं तरी पुन्हा दाबलं.
"मी विमानात भुकटी भरायचो," म्हणाले,
"त्याच धावपट्टीवर. विशीत होतो.
तोंडाला रुमाल बांधला की पोरं हसायची."

लिफ्ट आली, उघडली, मिटली.
आम्ही जिन्यानं उतरलो.
त्यांच्या खिशातली किल्ली
पायरीगणिक वाजत होती.