तात्रा, मेचा पहिला आठवडा

वेंडेलिन पहाटे तीनलाच निघतो,
पाठीवर पीठ, कांदे, गॅसची एक टाकी.
बर्फ आत्ता दगड आहे, ओझ्यासकट माणूस पेलतो.
दहानंतर त्याचा भरवसा नाही:
मांडीपर्यंत गिळतो,
पाय परत देतो, बूट ठेवून घेतो.

काल खाली, क्रोकसच्या जांभळ्या कुरणात,
कापडी बुटांतलं एक जोडपं विचारत होतं,
वरची वाट उघडली का?
त्याने त्यांच्या पायांकडे पाहिलं फक्त.

आता काठी आपटत चाललाय.
ठक. ठक. ठक.
धब्ब.
आत पाणी वाहतंय, वरून काहीच दिसत नाही.
तो वळसा घेतो,
मागच्यांसाठी एक फांदी रोवून ठेवतो.

वरच्या लाकडी घरात एटेला कांदे मोजून घेते.
"रस्ता कसा आहे?"
बुटातलं पाणी ओतत तो म्हणतो,
"सकाळी होता."